दहा मिनिटांचं चेनकव्हर

माझी बायको नर्स होती. पांढरी साडी नेसून रोज सायकलवर आरोग्य केंद्रात जायची आणि संध्याकाळी साडीच्या काठावर चेनच्या ऑइलचा काळा डाग घेऊन यायची. मग मोरीत बसून त्यावर आधी खोबरेल चोळायची, वरून भांड्याचा साबण. स्कूटीला ती भ्यायची. एकदा म्हणाली, "अहो, चेनला फुल कव्हर बसवून द्या की. लई कटाळा आलाय हे डाग धुवायचा."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. साधं उत्तर मला कधी पटलंय? म्हणालो, कव्हरात धूळ साठते, चेन उतरली तर अख्खं खोलावं लागतं. त्यापेक्षा बेल्टची सायकल घेऊ. चेनच्या जागी रबरी पट्टा, ऑइल नाही की डाग नाही.

आमचा सायकल मिस्त्री माझा शाळेपासूनचा दोस्त. तो हसला. "अरे यार, ह्यो पट्टा तुटला तर लातुरात कोन देनार हाय तुला? भाभीला कव्हर बसवून दे. दहा मिन्टाचं काम हाय."

मला राग आला. हा मला शिकवणार! पुढचे सहा महिने मी व्हिडिओ बघितले, पुण्याच्या दुकानांना फोन केले. ती विचारायची, "ठरलं का?" मी म्हणायचो, "बघून राहिलो ना." नंतर तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, तिला पटलं.

एका दुपारी ड्यूटीवरच ती चक्कर येऊन पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर तिची सायकल आणायला आरोग्य केंद्रात गेलो. परतताना मिस्त्रीकडे थांबून कव्हर बसवून घेतलं. वरातीमागून घोडं. खरंच दहाच मिनिटं लागली.

घरी माझी बहीण तिच्या साड्या वाटायला काढत होती. म्हणालो, "डागाची एक मला राहू दे."

तिनं एकेक घडी मोडून बघितली. "शेवटच्या दिवसाची तर दवाखान्यातच राहिली, दादा. ह्यात डागाची एक बी न्हाई. वैनीनं कधी ठिवली व्हय?"

मला रडू आवरेना. तरी खिडकीपाशी बसून मी स्वतः प्रत्येक साडीचा काठ तपासला. तिनं सगळे धुऊन ठेवले होते.