सावली आवर

माशांसमोर रांगणारा आणि माणसांसमोर ताठ उभा राहणारा गृहस्थ अख्ख्या ब्रिटनमध्ये एकच असावा, आणि तो माझा साडू आहे. साडू म्हणजे काय, तर आम्हा दोघांच्या वाट्याला सासू एकच आली. बाकी आमच्यात सारखं असं काही नाही. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल देऊन निवृत्त झालेले. मी त्याच गावात दातांचा दवाखाना चालवतो. त्यांचे पेशंट झोपलेले आणि माझे तोंड उघडून बसलेले, त्यामुळे गप्पांची सवय दोघांनाही बेताचीच. पण मासेमारीचा विषय निघाला की साडू तासन्‌तास बोलतात, आणि तेही कुजबुजत. मोठ्याने बोललं तर मासा सावध होतो म्हणे. हा नियम त्यांनी आमच्याकडे जेवायला आले असताना ताटातल्या तळलेल्या पापलेटासमोरही पाळलेला मी पाहिला आहे.

मासे धरणाऱ्यांचे त्यांच्या मते दोनच पंथ आहेत, एक ओढ्याचा आणि दुसरा खोल पाण्याचा. ओढ्याचा पंथ म्हणजे ते स्वतः, आणि खोल पाण्याचा म्हणजे मी धरून उरलेलं जग. मी रविवारी घरापासून वीस मिनिटांवरच्या तलावावर जातो, घडीची खुर्ची उघडतो, गळ टाकतो, फ्लास्कमधला चहा ओतून घेतो आणि डब्यातले पोहे खातो. तलावात सोडलेल्या रेनबो ट्राउटपैकी एखाद्याला अधूनमधून माझी दया येते. साडूंना हे मुळीच मान्य नाही. "तू मासे धरत नाहीस, तू पाण्याशेजारी पोहे खातोस," ते म्हणतात. "खोल पाण्यात तुला मासा दिसत नाही, माशाला तू दिसत नाहीस. ही काय ओळख झाली?" त्यांचा मासा म्हणजे सी-ट्राउट. तो वेल्समधल्या गुडघाभर पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन चांगला दणकट होतो आणि परत त्याच ओढ्यात येतो. अमेरिकेत असाच एक फिरस्ता मासा असतो, त्याला स्टीलहेड म्हणतात. आणि तो म्हणे आमच्या रेनबोचाच सख्खा. हे कुठेतरी वाचल्याबरोबर मी विजयी मुद्रेने साडूंना फोन लावला. "अहो, म्हणजे माझ्या तलावातलाही स्टीलहेडच की!" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "समुद्र न पाहिलेला स्टीलहेड. पासपोर्ट काढून घरी बसलेला." आणि फोन ठेवला.

त्यांच्या या माशावर कोणी भावुक झालेलं मात्र त्यांना खपत नाही. लंडनजवळ पिनरला एका स्नेह्यांकडे गणपतीचं जेवण होतं. समुद्रातून परत येणाऱ्या माशाची हकीकत ऐकून यजमान वाढता वाढता थांबले. "म्हणजे अगदी आपल्यासारखंच हो! मायभूमीची ओढ!" साडूंनी मोदक खाली ठेवला. "तो अंडी घालायला येतो. काम झालं की परत समुद्रात. आपणही पुण्याला जातो, दातांची कामं स्वस्तात उरकतो आणि परत येतो. एवढंच साम्य." मायभूमीचं राहू द्या, पण दातांच्या उल्लेखावर माझ्याकडे कशाला बघायचं?

त्यांच्याबरोबर ओढ्यावर मी एकदाच गेलो. नॉटिंगहॅमहून वेल्सपर्यंत तीन तासांच्या प्रवासात त्यांनी मला कसं चालायचं ते समजावलं, आणि पोचल्यावर कळलं की चालायचंच नाहीये, रांगायचंय. बागकाम करणारे लोक गुडघ्यांना बांधतात तशा जाड गाद्या त्यांनी माझ्यापुढे टाकल्या. रबरी विजारीवर त्या बांधून एक निवृत्त भूलतज्ज्ञ आणि एक दंतवैद्य ओल्या गवतातून रांगत निघाले. कुंपणापलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या. पाण्याजवळ पोचतो न पोचतो तोच साडू फुस्सकन म्हणाले, "सावली आवर!" मला काही कळेना. त्यांनी बोटाने पाण्याकडे दाखवलं. माझी सावली ओढ्यात पडली होती. मी मागे सरकलो. "डोकं राहिलंय!" मी डोकं खाली घातलं, ते थेट चिखलात. सावली पाण्यात पडली की मासा दिवसभर फिरकत नाही, म्हणून ऊन कुठून येतंय ते बघून, पोटावर पडून, पिसांची केलेली खोटी माशी त्याच्या नाकासमोर अलगद टाकायची. चार तासांत साडूंना एक मासा लागला. हातभर लांबीचा, चांदीसारखा. त्यांनी तो पाण्यातच धरला, गळ काढला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि सोडून दिला. तिथला नियमच तसा आहे, आणि नसता तरी त्यांनी सोडलाच असता.

या सोडण्यावरून एकदा घरात मोठा प्रसंग ओढवला होता. आमच्या दोघांच्या त्या सामाईक सासूबाई मालवणच्या. त्या इकडे राहायला आल्या असताना थोरले जावई मासे धरायला गेले म्हटल्यावर त्यांनी सकाळपासून नारळाचं वाटण करून ठेवलं. संध्याकाळी जावई हात हलवत परत. "लागला होता, पण सोडला," ते म्हणाले. सासूबाई वाटणाच्या भांड्याकडे पाहत राहिल्या. "सोडलास? मगे धरलास कित्याक?" त्या वाटणात शेवटी बटाटे गेले.

पण "सावली आवर" हे दोन शब्द मात्र ओढ्यावरून घरात आले आणि घरातलेच झाले. साडू पेपर वाचत असताना कोणी खिडकीत उभं राहिलं, "सावली आवर!" लग्नात फोटोग्राफर आडवा आला, "सावली आवर!" आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, सांगतात की लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण आपण यांच्या उजेडात नेमक्या कधी उभ्या राहिलो नाही ते आठवत नाही.

मग मागच्या वर्षी सप्टेंबरात साडू ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. एका शेतकऱ्याच्या कुत्र्याने भुंकून माणसं जमवली, आणि मासे सावध होतील म्हणून साडू त्या कुत्र्याला गप्प करत होते, असं त्या शेतकऱ्याने नंतर सांगितलं. ऑपरेशन झालं. भूल उतरत असताना नर्स बाहेर आली आणि जरा संकोचून ताईंना म्हणाली, "हू इज सावली? ही कीप्स आस्किंग फॉर हर." ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आत डॉक्टर दिव्याच्या आड येऊन साडूंवर वाकले होते, एवढंच घडलं होतं. आम्ही कॉरिडॉरमध्ये डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

मेडनहेडहून त्यांची लेक धावत आली. ती जन्मली इथेच, बोलते मात्र हट्टाने मराठीत. "बाबा, इनफ! तुमचा हिप तुटली. आता ओढा बंद. काकांचा तलाव आहे ना, तिथे प्रॉपर खुर्ची आहे, रेलिंग आहे, टॉयलेट आहे. तिथे बसा. माझं भीती वाढवू नका, प्लीज." एरवी साडूंनी तिचं व्याकरण सुधारलं असतं. या वेळी त्यांनी नुसती मान डोलावली. फिजिओथेरपिस्टनेही तेच सांगितलं: सपाट जमीन, हातात काठी, रांगणं तर आयुष्यात नाही. घरी आल्यावर त्यांनी गुडघ्यांच्या त्या गाद्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. "तुला बागेला होतील," म्हणाले. माझ्या घराला बाग नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाचं सगळं सुख त्या गुडघाभर पाण्यात होतं आणि ते आता संपलं होतं. मी पिशवी घेतली आणि गाडीत ठेवली.

या एप्रिलमध्ये ते पहिल्यांदा माझ्याबरोबर तलावावर आले. या दिवसाची मी कित्येक वर्षं वाट पाहत होतो. टोमणेसुद्धा तयार ठेवले होते. लेकीने घेऊन दिलेल्या नव्या खुर्चीत ते बसले, काठी शेजारी टेकवली, गळ टाकला. दोन तासांत त्यांना तीन मासे लागले आणि मला एकही नाही. "छान आहे इथे," ते कुजबुजले, हॉस्पिटलातल्या जेवणाला म्हणतात तसं. पोहेही निमूट खाल्ले, वर लिंबू मागितलं. माझ्या टोमण्यांतला एकही मला बाहेर काढवेना.

दुपार कलली आणि ऊन आमच्या पाठीमागून यायला लागलं. माझी सावली लांबत लांबत पाण्यावर गेली, थेट त्यांच्या गळाजवळ. मी मुद्दाम हललो नाही. आता म्हणतील, मग म्हणतील, म्हणून वाट पाहिली. साडूंनी सावलीकडे पाहिलं आणि फ्लास्कचं झाकण लावलं.

"माझी सावली पडलीय हो पाण्यावर," शेवटी मीच म्हणालो.

"असू दे रे. खोल आहे इथे. कोणाला दिसतेय?"

हे ते नेहमीच्या, मोकळ्या आवाजात बोलले. पाण्याच्या काठी त्यांचा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि मला तो सहन झाला नाही. मी उठलो, खुर्ची उचलली, चार पावलं मागे नेऊन ठेवली आणि बसलो. साडू पाण्याकडेच बघत होते. मग मान न वळवता, अगदी हळू, मासा सावध होणार नाही इतक्या बारीक आवाजात ते म्हणाले,

"डोकं राहिलंय."

मी डोकं खाली घातलं.