बेलपान उचललं, विहीर गेली

आमच्या विहिरीचा निकाल महादेवानं दिला, असं गावात कितीतरी वर्षं म्हणत होते. त्या निकालात हरलेला माणूस मी. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायला तेवढी पुरते.

विहीर माझ्या वडिलांनी खोदलेली. शेजारचं वावर चुलतभावाचं. दोघांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, तो दरवर्षी नांगरताना थोडा थोडा माझ्याकडे सरकवायचा. एक उन्हाळा असा आला की विहीर धुऱ्याच्या पलीकडे, त्याच्या वावरात दिसायला लागली. विचारलं तर म्हणे, "दादा, ते तर आधीपासून माह्याच इकडं हाय."

पोरगा म्हणाला, "बाबा, सरकारी मोजणी आना. नकाशा पाह्यतीन, गोटे गाडतीन, झालं."

"माह्या बापाच्या इहिरीले सरकारी माणूस कायले? देवापुढं उचलू दे त्याले पान."

आमच्या गावची ती रीत होती. आंघोळ करून ओल्या अंगानं महादेवाच्या पिंडीवरचं बेलपान उचलायचं आणि बोलायचं. जो जे बोलेल ते खरं, नंतर कोणी तोंड उघडायचं नाही. एका दांडग्या माणसाला मी पानाजवळ हात नेऊन मागे घेताना पाहिलं होतं. चोरलेली बैलाची घुंगरमाळ त्यानं तिथेच कबूल केली आणि रडत घरी गेला. म्हणून माझी खात्री होती.

चुलतभाऊ आला तो निथळतच. पान उचललं आणि म्हणाला, "इहीर माही." हात हलला नाही. पान परत ठेवून वर नमस्कारही केला. विहीर त्याची झाली.

देवळाबाहेर सगळे माझ्या बाजूचे. शेजारची म्हातारी मावशी तर ठासून म्हणाली, "वर्षाच्या आत पाह्यजो. हात झडतीन त्याचे."

मी पाहत बसलो. वर्ष गेलं, दुसरं गेलं. त्याला ताप आला की माझी चाल हलकी व्हायची. ताप उतरायचा. त्याच्या अंगणात चार माणसं जमलेली दिसली की मी चहा टाकून दारात यायचो, तर ते पोरीच्या सोयरिकीचे पाहुणे निघायचे. दोन्ही पोरी चांगल्या घरी गेल्या. विहिरीशेजारी बोअर मारला, त्यालाही पाणी लागलं. हात झडायचे तर सोडाच, त्याचे दातसुद्धा अजून शाबूत आहेत. माझे गेले.

माझ्याकडे पाणी नाही म्हणजे हरभरा नाही, गहू नाही, नुसता पावसाच्या भरवशाचा कापूस. पोरगा पांढरकवड्याला जाऊन ट्रकवर बसला. जाताना मोजणीचा 'म'ही काढला नाही, तेच जास्त लागलं.

मग बायकोला लकवा झाला. चुलीपाशी बसली होती, तिथेच कलंडली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऐकायला मात्र सगळं येतं. बाया भेटायला यायच्या, पायाशी बसायच्या, उसासे टाकायच्या. एक दिवस ती हात झडतील म्हणणारी मावशी ओट्यावर दुसरीला म्हणाली, "आता समजलं वो माय, खोटं कोनाचं होतं. देव का उगाच कोनाले असा भोग देते?"

मी आत बाजेजवळ होतो. म्हणजे पान उचलणारा तो, आणि खोटा मी! का, तर त्याच्या घरी सुख आणि माझ्या घरी लकवा. कर्माचा हिशोब लोक असा शेवटून वाचतात. आधी कोण पडलं ते पाहायचं, मग त्याच्या नावानं पाप शोधायचं. तरी लोकांचं एक वेळ सोडलं असतं. पण बायकोनं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विचारणं होतं. सारा जन्म माझ्यासोबत काढलेल्या बाईचं.

"माहीच होती वो इहीर," मी म्हटलं. तिनं डोळे मिटून घेतले. पटलं की नाही, ते सांगायला तिच्याजवळ तोंड नव्हतं.

चुलतभाऊही आला भेटायला, केळीची फणी घेऊन. वैनी, वैनी म्हणत बसला. उठताना मी त्याला अंगणात धरलं.

"इथं कोनी नाही. एकडाव खरं सांग. इहीर कोनाची?"

तो चिडला नाही. जरा विचारात पडला. "दादा, देवाशप्पथ सांगतो, मले आता खरंच वाटते का माहीच होती."

आणि त्याचा चेहरा साफ होता. ज्याला आपलं केलेलं आठवतच नाही, त्याच्याकडून कर्म काय वसूल करणार?

त्या रात्री पोराला फोन केला. "मोजणी आनाची हाय." तिकडे गाडी कडेला थांबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "येतो, बाबा."

मोजणीवाला पोरगेलासा होता. तीन पायांवर मशीन उभी केली, नकाशा पाहिला, इकडे तिकडे फिरला. सगळं गाव धुऱ्यावर. चुलतभाऊ आला नाही. हद्दीचा दगड गाडला तो विहिरीच्या बराच पलीकडे. विहीर अख्खी माझ्यात. आत डोकावलं तर बोअरनं पाणी ओढून नेलेलं, तळाशी गाळ आणि लिंबाचा पाला.

मावशी तिथेही होती. "पाह्य बाप्पा, शेवटी कर्मानं न्याय केलाच ना?"

"कर्मानं नाही मावशी, या मशीनवाल्या पोरानं केला. कर्माले करायचा असता तर त्या दिवशी पान हातातून पडलं असतं."

"असं बोलू नाही रे, भोगशीन!"

"भोगूनच तर राह्यलो. अजून काय शिल्लक हाय?"

लोक हसले. मी हसण्यासारखं बोललो नव्हतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. दगड कुठे आला, विहीर कुठे राहिली, ते बाजेवर बोटानं रेघ ओढून दाखवलं. ती रेघेकडे पाहत राहिली, मग डाव्या हातानं माझा सदरा धरला आणि रडली. कितीतरी वेळ धरून होती.

आता सगळे मागे लागले आहेत, विहिरीवर नारळ फोडा, देवाचे आभार माना. पोरगाही म्हणतो, फोडून टाका बाबा, काय जाते. मी गाळ काढायला दोन माणसं सांगितली आहेत. नारळ फोडणार नाही.