मत दिल्याशिवाय रेकॉर्ड मिळणार नाही

जब्बारभाऊंच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी अहेरीच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होतो. मुलीकडे राहायला गेलो होतो. सकाळच्या वेळी त्यांचा फोन म्हणजे आदल्या दिवशी ऐकलेल्या एखाद्या रेकॉर्डवरून भांडण, हे ठरलेलं. म्हणून मीच आधी आवाज चढवला, "बोला, आज कोणाची चामडी सोलायची आहे?" पलीकडे भाभी होत्या, त्यांच्या पत्नी. म्हणाल्या, "बाबू, हे मशीन कसं बंद कराचं?" आता त्या घरात रेकॉर्ड प्लेयरला जब्बारभाऊंखेरीज कोणाचं बोट लागत नसे, त्यामुळे आपल्याला कोणी तज्ज्ञ म्हणून विचारतंय याचाच मला आनंद झाला. बाजाराच्या गोंगाटात उभा राहून मी ओरडून सांगू लागलो... आधी सुईचा दांडा उचला, एका बोटाने, हळूच, ओरखडा पडू देऊ नका, मग डावीकडचं बटण फिरवा. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण खोड ती खोड. मी विचारलं, "कोणती रेकॉर्ड आहे?" भाभी म्हणाल्या, "मले काय माहीत, बाबू. गाणं तर सरलं. ते खुर्चीत हायेत... उठून नाई राह्यले." त्यांच्या आवाजामागे सुई रिकाम्या चरीत फिरत होती, खर्र... खर्र... आणि मी शहाणा हातातली वांगी परत टोपलीत एकेक करून ठेवत होतो, जणू तेवढं नीट केलं की बाकीचंही नीट होईल.

आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत एसटी बल्लारपूरला पोहोचेपर्यंत लोक कब्रस्तानातून परत फिरले होते. भाऊंना शेवटचं पाहणंही मला वेळेवर जमलं नाही. यावर त्यांचं एक झणझणीत मत आलं असतं, ते ऐकायला मिळालं नाही, याचं वाईट आजही वाटतं.

जब्बारभाऊंचं रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुशनचं दुकान. सोफे, ऑफिसच्या खुर्च्या, मोटारसायकलच्या सीटा, सगळ्याला रेक्झिन चढवायचे. दुकानामागे घर, आणि घराची पहिली खोली रेकॉर्डांची. हा संग्रह जमला कसा, तर सोफ्यांमुळे. कारखान्यातले, खाणींतले देशभरातून आलेले साहेब बदलीवर निघाले की जुना सोफा शिवून घेत, आणि त्या सोफ्यामागे, पलंगाखाली कुठेतरी वाळवीची वाट पाहत एखादं खोकं पडलेलं असे. भाऊ म्हणत, "शिलाई राहू द्या साहेब, ते खोकं द्या." त्यामुळे त्यांच्याकडे बंगाली होतं, तमिळ होतं, पंजाबी होतं, सिरोंच्याकडून आलेलं तेलुगू होतं, आणि इंग्रजी तर इतकं की त्या भाषेतलं 'थँक्यू'पलीकडे फारसं न कळणाऱ्या माणसाला शोभू नये. उरलेल्या रेक्झिनची कव्हरं ते रेकॉर्डांना शिवत आणि त्यात त्यांची मतं असत. मरून रंग म्हणजे कधीही ऐकावी. काळा म्हणजे एकट्याने ऐकावी. आणि पोपटी म्हणजे पाहुण्यांसाठी, अर्थात त्यांच्या लेखी कचरा.

मी वनखात्यात कारकून. आमच्या साहेबांची खुर्ची फाटली, ती घेऊन गेलो आणि तिथेच अडकलो. भाऊ रेकॉर्ड घरी न्यायला देत, मात्र एका अटीवर. परत आणताना मत आणायचं. नुसतं 'छान आहे' चालत नसे. "छान तर चहाही असते," म्हणायचे, "चहासाठी मी एवढी खोली अडवून ठेवली काय?" ज्याने दोनदा 'छान' म्हटलं त्याला तिसऱ्यांदा रेकॉर्ड नाही. गावातले दोन वकील आणि एक गायनाचे मास्तर अशा रीतीने कायमचे बाद झाले. मला पहिले कित्येक महिने पोपटी कव्हरातलीच रेकॉर्ड मिळत होती आणि तोवर मी समजत होतो की पोपटी हा सन्मानाचा रंग आहे. तसं मी घरीदारी सांगितलंही होतं.

माझी बढती झाली ती एका घोडचुकीमुळे. त्यांनी एक छोटी तबकडी दिली, दोन बाजूंना एकेक गाणं असतं ती. अशी तबकडी मोठीपेक्षा जास्त वेगाने फिरवायची असते. माझ्या प्लेयरचा खटका मोठ्या रेकॉर्डच्या वेगावरच राहिला. मी ऐकलं, डोळे पाणावले, रात्री जेवलोही कमी. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणालो, "भाऊ, काय आवाज आहे त्या बुवांचा. प्रत्येक शब्दाला थांबतात. सगळं गमावलेला माणूस गातोय असं वाटतं."

"कोण बुवा?"

"हेच, गाणारे."

"अबे, ते पोरगी हाय. हळदीचं गाणं हाय ते. नवरदेवाले चिडवून राह्यली."

दुकानातली पोरं हसून हसून रेक्झिनवर लोळली. मी निघालोच होतो, पण भाऊंनी हात धरून खोलीत नेलं, खटका माझ्यासारखा चुकीच्या जागी ठेवला आणि ते गाणं शेवटपर्यंत त्या संथ, जड आवाजात ऐकलं. मग सुई उचलली. म्हणाले, "तुले गाणं समजलं नाई. पण ऐकलं तू खरं." त्या दिवशी मरून कव्हर मिळालं. चुकीचं मत त्यांना चालायचं, उसनं चालायचं नाही. नोकरीत मी याच्या बरोबर उलट वागून पेन्शनपर्यंत पोहोचलो.

त्यांची स्वतःची मतं मात्र भयंकर होती. छोटी तबकडी पाहुणा आणि लाँग प्ले, म्हणजे मोठी रेकॉर्ड, जावई, असं ते म्हणत. पाहुणा चहा पिऊन जाते, म्हणून त्याचं सगळंच गोड लागते. जावई राहाले येते, मग त्याचा स्वभाव समजते. छोट्या तबकडीची दुसरी बाजूच नेहमी चांगली, कारण "कंपनीचं ध्यान पहिल्या बाजूवर असते, दुसऱ्या बाजूले गाणारा मोकळा." हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आणि मला वाटतं ते अर्ध्याहून जास्त वेळा बरोबर होते. लाँग प्लेवर कव्वाली मधोमध कापून उरलेली पलीकडच्या बाजूला टाकतात, हा त्यांना गुन्हाच वाटे. वर चढलेल्या माणसाची शिडी काढून घेतात आणि वर म्हणतात, बाजू पलटवा. एका सतारीच्या रेकॉर्डबद्दल म्हणाले, "पहिली बाजू सारी हा माणूस चपला शोधून राह्यला. दुसऱ्या बाजूले घराबाहेर निघाला, तर काय चालते बाप्पा." एका परदेशी तुतारीवाल्याची लाँग प्ले त्यांना जीव की प्राण. "हा वरातीतून पळून आलेला बँडवाला हाय. एकटा पडला म्हणून असा वाजवते." मला ती रेकॉर्ड म्हणजे बस रिव्हर्स घेतल्यासारखी वाटे, आणि मी तसं सांगितल्यावर ते आठवडाभर बोलले नाहीत. आठव्या दिवशी म्हणाले, दुसऱ्या गाण्यात थोडी रिव्हर्स घेते खरी. आपल्या दंडार लोकनाट्यातल्या, झाडीपट्टीच्या नाटकातल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत, जंगलातल्या ढोलाची निघाली नाही, हे मात्र त्यांच्या मनात सलत असे. "साऱ्या दुनियेचं माझ्याकडे हाय, आन् दाराबाहेरचं नाई," एवढंच बोलायचे आणि सुईवरची धूळ फुंकायचे.

अन्यायही करायचे. आमच्या आईचा एक लाडका भावगीत गायक होता. त्याच्या रेकॉर्डला त्यांनी मुद्दाम फिकट पोपटी कव्हर शोधून काढलं. "हा माणूस दवाखान्यात कोणाले भेटाले आल्यासारखा गाते." यावर माझं आणि त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

या सगळ्या वर्षांत भाभी पडद्यापलीकडे स्वयंपाकघरात. चहा बाहेर यायचा, कप आत जायचे. त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे 'साखर बरोबर आहे' आणि 'मुलगी कशी आहे', याहून अधिक नाही.

भाऊंचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी बोलावलं. पुतण्या इरफान आता दुकान पाहतो, जागा अपुरी पडते. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने अख्खा संग्रह उचलायची तयारी दाखवली होती आणि दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता. "मले त्यातलं काही समजत नाई, बाबू," भाभी म्हणाल्या. "ठेवून काय करू? तुम्ही तुमच्यासाठी काय पाह्यजे ते काढून घ्या." खोली तशीच होती. त्यांची खुर्ची, माझं स्टूल. मी रेकॉर्ड विकू नका म्हणायला गेलो होतो आणि त्याकरता रस्त्याने एक चांगलं भाषणही जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मग मी एकेक कव्हर उचलून त्यांना दाखवू लागलो. ही आठवते? नाही. ही? नाही. चित्रं, नावं, काहीच ओळखीचं नाही. शेवटी भाषण सुचत नाही म्हणून मी एक रेकॉर्ड लावली.

दोन सूर झाले असतील. भाभी म्हणाल्या, "हे संपता संपता खोकलते."

तबल्याचा माणूस खरोखरच शेवटी हळूच खोकतो. मी दुसरी लावली. "हे नको, हे लई लांबवते. भाजी करपाची माझी याच्यात." ती कव्वाली होती, भाऊंची काळ्या कव्हरातली. तिसरी लावल्यावर त्या अस्वस्थ झाल्या, म्हणाल्या, इथी बसून बरोबर ऐकू नाई येत, आणि उठून पडद्यापलीकडे गेल्या. विळीचा आवाज आला. मग आतून, "हां, आता लावा." मला तेव्हा उलगडलं. त्या घरात सगळ्यात जास्त वेळ रेकॉर्ड ऐकलेलं माणूस कांदा चिरत होतं. गावभर मतं मागत फिरलेल्या आमच्या भाऊंनी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मी तर साखरेच्या पुढे गेलो नव्हतो.

दुपार सरेपर्यंत आम्ही ऐकलं. तुतारीवाला त्यांना आवडे. एक बंगाली बाई त्यांना सासूसारखी वाटे, पण चांगली सासू. सतार आली की दूध उतू जातं, हे त्यांनी अनुभवाने सांगितलं आणि मला हसू आवरेना. भावगीतवाल्याची रेकॉर्ड लावताना मी थोडा घाबरलो आणि भाऊंचं ते दवाखान्याचं मत सांगून टाकलं. विळी थांबली. "मग? दवाखान्यात कोणी भेटाले नको काय?" ...आणि विळी परत सुरू झाली. आईच्या वतीने मी तिथल्या तिथे खटला जिंकला, पण ज्यांच्यावर जिंकायचा ते खुर्चीत नव्हते.

दिवेलागणीला इरफान फोन हातात धरून दारात आला. "चाची, त्या नागपूरवाल्याले काय सांगू? सकाळी निघू काय म्हणते तो."

"थांब जरा." मग मला म्हणाल्या, "बाबू, एक हाय. बाई गाते, मागे नुसता सारंगीसारखा काहीतरी आवाज. ते लावाचे, आन् अर्ध्यातच सुई उचलाचे. नेहमी. कधी पुरं होऊ नाई दिलं. पुढं काय हाय ते मले आजपावतो माहीत नाई."

शोधायला वेळ लागला. मिळाली ती मरून कव्हरात. मी सुई ठेवली. बाई गाऊ लागल्या आणि सारंगी त्यांच्या मागे मागे, अंतर ठेवून. एका जागी आवाज वर जाऊन थांबतो, आता खाली येणार असं वाटतं... आतून भाभी म्हणाल्या, "इथी." मी हात मागे घेतला. गाणं पुढे गेलं. वाद्यं वाढली, बाईंच्या जोडीला आणखी आवाज आले, टाळ्यांसारखं काही वाजू लागलं आणि सगळं गोड होऊन एकदाचं संपलं. इरफानही दारातच उभा होता.

"बरोबर उचलत होते," भाभी म्हणाल्या.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "इरफान, त्याले सांग, येऊ नको म्हणा. आमचं ऐकणं सुरू हाय." तो फोन लावत दुकानात गेला. मी कव्हर शोधू लागलो तर आतून आवाज आला, "ठेवू नका. परत लावा. आन् या खेपेले तिथंच उचला."

मी लावली. या वेळी लक्ष देऊन, बोट दांड्याखाली धरून बसलो. बाईंचा आवाज वर गेला, थांबला आणि मी सुई उचलली. माझ्या मते अगदी नेमकी.

"उशीर झाला, बाबू," पडद्यापलीकडून आलं. "अजून एक डाव."