उतू गेलेलं दूध

आज सकाळी शेजारच्या घरात दूध उतू गेलं आणि त्या करपट वासानं मला कामथडीतल्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं.

माझी बायको रत्ना तेव्हा चर्चच्या शिबिरातून मौन प्रार्थनेची एक पुस्तिका घेऊन आली होती. त्यातलं एक वचन मनात धरायचं आणि देवापुढं गप्प बसायचं. गप्प, आणि रत्ना! एस.टी.त मागं बसली तरी तिचं बोलणं ड्रायव्हरला ऐकू जायचं.

त्या सकाळी रानाला पाणी देऊन आलो, तर ती भिंतीकडं तोंड करून गोणपाटावर बसलेली. चुलीवरचं दूध वर यायला लागलं. आता उठेल, असं मला वाटलं. दूध फसफसून निखाऱ्यांवर सांडलं, घरभर धूर झाला, तरी ती हलली नाही. इतका निवांत चेहरा तिचा माझ्यासमोर कधी झाला नव्हता. खोरं हातात तसंच धरून मी जळत उभा राहिलो.

ती उठल्यावर विचारलं, “काय मागतीस गं एवढं त्याच्याकडं?”

“काय न्हाई. नुस्ती बसते.”

“मग माझ्यापाशी बस की तशी.”

“तुमच्यापाशी बसलं की कामं आठवत्यात,” म्हणत ती चूल पुसायला लागली.

दुसरा कुणी माणूस असता तर भांडलो असतो. देवाशी काय भांडणार?

आता तिचे गुडघे दुखतात. रोज सकाळी भिंतीकडं तोंड करून तिची खुर्ची मीच मांडतो आणि उंबऱ्याबाहेर बसतो. आतली ती शांतता माझ्या वाट्याची नाही, हे अजून सलतं. पण तेवढ्यात कुणी तिला हाका मारत आलं, की मी दारातच अडवतो, “थांबा जरा. ती कामात हाय.”