अक्कांचे चार क्लास

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव पद्मावती, पण घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात. हैदराबादला नल्लकुंट्याच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची शिल्पा सहा महिन्यांची होती. तिच्या लग्नापर्यंतची पंचवीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात काढली, आणि तेवढ्यात मला एवढं कळलं की अक्का एकदा धरलेलं सोडत नाहीत. रागसुद्धा. चौऱ्याऐंशी साली माझ्या हातून त्यांची लोणच्याची बरणी फुटली होती. ती बरणी आमच्याकडे अजून दर उन्हाळ्यात फुटते.

दोन हजार एक साली त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण कंबरेनं दावा धरला तो धरलाच. गुडघे आधीपासून कुरकुरत होते, त्यांनीही संधी साधली. खाली बसणं बंद झालं. जेवण टेबलावर, देवपूजा उभ्यानं. हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या सतरंजीवर आणि या एकट्या खुर्चीत. बायका मायेनं म्हणायच्या, "राहू द्या हो, वयच झालं आता." पन्नाशीच्या बाईला ही माया कशी लागते ते मी त्यांच्या तोंडावर बघायचे. मला तेव्हा बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी दिवाळीत शिल्पाचं लग्न ठरलं. शिल्पा हायटेक सिटीत कामाला होती, कंपनीची एसी बस तिला न्यायला यायची. मुलगाही तिच्याच ऑफिसातला, सारंग. त्याच्या घरचे मूळचे पुण्याचे, नोकरीसाठी येऊन माधापूरला राहिलेले. त्याला वर्षभर अमेरिकेला जायचं होतं म्हणून लग्न पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात धरलं. साखरपुडा झाला त्याच संध्याकाळी माझे थोरले दीर नामदेवराव सुपारी कातरता कातरता म्हणाले, "कन्यादानाला गौतम आणि अनुराधा बसतील. हिला दोन तास पाटावर बसवणार नाही. मधेच कंबर धरून उठली तर पुण्याचे लोक हसतील."

गौतम म्हणजे माझा नवरा, अनुराधा मी.

आम्हाला मूल नाही. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "ज्यांच्या पोटी लेक नाही त्यांनी पुतणीचं कन्यादान करावं, मोठं पुण्य लागतं." तेव्हापासून ती गोष्ट माझ्या मनात होती, पण मागायची कशी? शिल्पाला न्हाऊमाखू मीही घातलं, तिच्या गोवरात रात्री मीही जागले, पण लेक अक्कांची. आणि आता न मागता घरच्या कर्त्यानं ते माझ्या पदरात टाकलं. मी मान खाली घालून ताटं उचलली. आत जाऊन ओट्यापाशी उभी राहून हसले.

अक्का मागोमाग आल्या. म्हणाल्या, "नक्को हं अनु, मनात काही धरू नक्को. मी बसणार आहे."

"खुर्चीवर?"

"कन्यादान खुर्चीवर होतं का कुठं? पाटावर बसणार. माझ्या लग्नात माझ्या हातावर धार काकूनं धरली. आई मागं उभी होती, तिला हिवताप होता म्हणून. ती मरेपर्यंत तेच बोलत होती. मला ते नक्को."

नामदेवरावांनी मग अट घातली. आश्विनात सत्यनारायण करू. त्या पूजेला अक्का सुरुवातीपासून आरतीपर्यंत पाटावर बसल्या तर कन्यादान त्यांचं. उठल्या तर आमचं. आणि अक्कांना एकटीला बसमध्ये चढता येत नसे, म्हणून त्यांना व्यायामाला नेण्याआणण्याचं काम कुणाकडे आलं? माझ्याकडे. माझ्या ताटातला घास मीच त्यांच्या ताटात वाढायचा, असा एकूण प्रकार.

पहिला क्लास बरकतपुऱ्याला, योगासनांचा. शिकवणारे एक निवृत्त मास्तर होते. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "अम्मा, वज्रासन." अक्का अर्ध्यावर वाकल्या आणि तिथंच अडकल्या. दोघींनी धरून सरळ केलं. मास्तर म्हणाले, गुडघ्यात अहंकार साठतो, तो गेला की गुडघा वाकतो. अहंकार होता हे मी मान्य करते, पण तो गुडघ्यात नव्हता. दीड महिना अक्का त्यांचं प्रवचन उभ्यानं ऐकत राहिल्या. मग सोडलं.

दुसरा क्लास नारायणगुड्याला, एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर. एरोबिक्स. त्या दोन-चार वर्षांत हैदराबादेत जिथं माडी रिकामी होती तिथं आरसे लागले आणि क्लास सुरू झाले. पूर्वी पापड-कुरडयांचे क्लास निघायचे, आता पापड विकत आणून बायका पोटं कमी करत होत्या. इथं एक विशीतली पोरगी मोठ्यानं गाणी लावून ओरडायची, "जंप! वन मोर!" अक्का साडीचा पदर खोचून, खाली शिल्पाची कॉलेजातली ट्रॅक पँट घालून, त्या पोरींच्या मागच्या रांगेत. मी भिंतीशी मांडी घालून बसलेली. आठव्या दिवशी अक्कांचे दोन्ही गुडघे पपईएवढे सुजले. मी त्यांना घरी आणलं, शेक दिला आणि म्हटलं, "अक्का, जाऊ द्या ना आता." माझा आवाज किती गोड होता हे मलाच ऐकू येत होतं.

अक्का म्हणाल्या, "उद्या दुसरा शोधू."

तिसरं म्हणजे हिमायतनगरचं एक बारीक व्हायचं सेंटर. तिथं व्यायामच नाही. गाद्यांवर निजवून कंबरेला थरथरणारे पट्टे बांधत. रोज टेपनं पोट मोजायचं आणि वहीत लिहायचं. दोन महिन्यांत अक्कांचं पोट दोन इंच उतरलं. तिथल्या बायांनी टाळ्या वाजवल्या, फोटोसुद्धा काढू म्हणाल्या. अक्का भडकल्या. "वजन गया तो मैं क्या करूं? मेरेकू बारीक नहीं होना. नीचे बैठना है, बस!" खाली बसायला शिकवणारा क्लास शहरात कुठंच नव्हता. जो तो आरशात दिसेल तेवढंच शिकवत होता.

मला वाटलं, संपलं. मी मनातल्या मनात कन्यादानाची साडीही ठरवली, हिरवी, नारळी काठाची.

आणि मग चौथा क्लास, बंजारा हिल्सला. पिलाटे की पिलाटीस, मला अजून नीट म्हणता येत नाही. पत्ता शिल्पाच्या मैत्रिणीनं दिला. दोन बस आणि वर रिक्षा. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर पांढरी खोली, स्प्रिंगा लावलेले पलंग, मोठाले रबरी चेंडू, आणि गाड्यांतून उतरणाऱ्या बायका. आमच्या चपला बाहेर ठेवायचीही मला लाज वाटली. शिकवणारी प्रियदर्शिनी मॅडम, आंध्राचीच, परदेशात शिकून आलेली. वय असेल अठ्ठावीस. तिनं टेप काढली नाही. आधी विचारलं, "अम्मा, आपको करना क्या है?"

पाच-सहा महिन्यांत हे कुणी पहिल्यांदा विचारलं होतं. अक्कांनी तिला सगळं सांगितलं, पाट, होम, पाण्याची धार, दोन तास. मॅडमच्या घरीही लग्नात आईबाप असेच पाटावर बसतात, तिला ते लगेच कळलं. म्हणाली, "करेंगे."

पुढचे पाच महिने मी जे बघितलं ते सांगितलं तर कुणाला व्यायाम वाटणार नाही. गादीवर पाठ टेकून पडायचं आणि श्वास सोडताना पोट आत घ्यायचं. बस. पंधरा दिवस एवढंच. मग पाय एवढासा उचलायचा. मग भिंतीला टेकून चेंडूवर बसायचं, मग लहान चेंडूवर, मग उशांच्या चळतीवर. दर आठवड्याला चळतीतली एक उशी कमी. घरीही तेच. सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत अक्का देवघरासमोर उशीवर बसलेल्या, ओठ घट्ट, कपाळावर घाम. कधी डोळ्यांत पाणी यायचं, पण उठायच्या नाहीत. एकदा मॅडमनं मला हाक मारली, "आंटी, इनके पैर पकडो." मी त्यांचे घोटे धरून बसले. त्यांच्या पायांची थरथर माझ्या हातांत येत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई बसणार. आणि मला माझी हिरवी साडी आठवली.

आश्विनातली पूजा झाली. इथं मी एक पाप केलं, ते लिहून टाकते. गुरुजी नेहमी कथा भराभर उरकतात. मी आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगून आले की पाचही अध्याय सावकाश, अर्थासह वाचा, घरात लग्न आहे. गुरुजी खूश. पूजा दोन तास चाळीस मिनिटं चालली. तिसऱ्या अध्यायाला अक्कांचा चेहरा पांढरा पडला. नामदेवराव हळूच म्हणाले, "उठतेस का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी समोर प्रसादाचं पातेलं घेऊन बसले होते आणि घड्याळाकडे बघत होते. आरतीला त्या उठल्या त्या कुणाचा हात न धरता. नातेवाइकांनी कौतुक केलं. मीही केलं. घरात पेढे मीच वाटले, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. गौतमना सांगितलं तर ते म्हणाले, "चलता है. आपण मागं उभे राहू."

मार्गशीर्षात सारंग पंधरा दिवसांच्या रजेवर आला. लग्नाचा हॉल त्यांच्याच बाजूला, माधापूरला घेतला होता. ते सगळं शिल्पा आणि सारंगनं ई-मेलवर ठरवलं. मांडवाचं काम कुणा इव्हेंटवाल्यांना दिलेलं. आम्ही सकाळी सहाला पोचलो. अक्का नव्या शालूत, मी हिरव्या साडीत. साडी घेतलीच होती, वाया का घालवा?

स्टेजवर फुलांचा मांडव, आणि मांडवात चार खुर्च्या. पांढऱ्या कापडाच्या, मागं सोनेरी गाठ बांधलेल्या. दोन नवरा-नवरीच्या, दोन मुलीच्या आईबापाच्या. मधे स्टुलावर चांदीच्या रंगाचं होमकुंड, उंच, खुर्चीतून हात पोचेल असं.

अक्का म्हणाल्या, "पाट कुठंत?"

सारंगच्या आई वंदनाताई हसत पुढं आल्या. बाई मनानं चांगली, तिला दोष देता येत नाही. म्हणाल्या, "अहो, खाली कोण बसतं हल्ली? सगळ्यांचे गुडघे गेलेत. आणि मुलांची आजच रात्रीची बंगलोरची फ्लाइट आहे, गुरुजींना सांगितलंय पाऊण तासात आटपा."

"मला पाट द्या. मी खाली बसते."

व्हिडिओवाला म्हणाला, "अम्मा, नीचे बैठे तो फ्रेम में नहीं आते." नामदेवराव घड्याळ बघत होते. शेवटी अक्का शिल्पाकडे वळल्या. ती मेंदीचे हात सांभाळत उभी होती.

"शिल्पा, मी वर्षभर कशासाठी जात होते तुला माहीत होतं ना?"

शिल्पा खरंच गोंधळली. म्हणाली, "मला वाटलं तू फिट राहायला जातेयस. आई, प्लीज, इथं नको ना. सगळे बघतायत."

अक्का खुर्चीवर बसल्या. धार धरली. व्हिडिओवाल्यानं दोनदा धरायला लावली, पहिल्यांदा प्रकाश नीट पडला नाही म्हणून. तेवढ्यातही पाऊण तासाऐवजी चाळीसच मिनिटं लागली. मी मागं उभी होते. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता. खुर्च्याच होत्या तर अक्कांना एक दिवसही क्लासला जायची गरज नव्हती. आणि खुर्च्याच होत्या तर मला आशा दाखवायचीही कुणाला गरज नव्हती. दोघींनाही एका खोट्या अटीवर वर्षभर पळवलं, आणि कुणी मुद्दाम केलं असंही नाही.

पंगत सुरू झाली, म्हणजे टेबलांवर बुफे. मी नवरीच्या खोलीत तिची बॅग आणायला गेले. बघते तर अक्का तिथं जमिनीवर, अहेराच्या खोक्यांमधे, शालूसकट मांडी घालून बसलेल्या. पाठ ताठ. डोळे कोरडे. मला बघून म्हणाल्या, "ये अनु."

मी बॅगेची चेन लावत राहिले.

"तुलाच द्यायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "माझं जे व्हायचं होतं ते इथं झालंच नाही. तू बसली असतीस तर निदान एकीला तरी मिळालं असतं. गुरुजींना कथा लांबवायला तूच सांगितलं होतंस, मला माहीत आहे. मी मनात नाही धरलं."

मला इतका राग आला की कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा या बाईनं काहीतरी सोडलं होतं, आणि तेही अक्षता पडून गेल्यावर, जेव्हा मला त्याचा कवडीचा उपयोग नव्हता. आता माफीही त्यांचीच आणि मोठेपणाही त्यांचाच. माझ्या वाट्याला फक्त पाप.

त्यांनी उठायला हात पुढं केला. आधाराची त्यांना गरज नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

मी हात दिला नाही. बॅग उचलली आणि म्हटलं, "शिल्पा वाट बघतेय." दारातून मागं वळून बघितलं तेव्हा त्या एकट्याच उठत होत्या. आज इतकी वर्षं झाली, आम्ही दोघी अजून एकाच घरात आहोत, एकाच टेबलावर जेवतो. त्यांनी पुन्हा कधी हात पुढं केला नाही.