फणसाला वळसा घालणारं इंजिन

आमच्या शेजारचे काका भातसानगरच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि अंगणात वाफेवर चालणारं छोटं इंजिन करायला बसले. रूळ अंगणाभोवती टाकले, पण फणसापाशी वळण फारच अवघड आलं. लोक म्हणाले, झाड तोडा. काका म्हणाले, "फणस नाय वाकायचा. इंजिनच वाकवू." म्हणून मधोमध सांधा असलेलं, दोन भागांचं इंजिन. विकतचा भाग एकही नाही. चाकंसुद्धा भंगारातल्या लोखंडातून लेथवर कातलेली.

अशी इंजिनं कशी करायची, त्याचं एक इंग्रजी पुस्तक काकांकडे होतं; त्यातला मजकूर मी त्यांना मराठीत वाचून सांगायचो. घरातला पहिला पदवीधर मी. ते शिक्षण असं कुणाच्या हातांना उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी खंडेनवमीला इंजिन फणसाला वळसा घालून आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका मात्र कान देऊन ऐकत होते. पूजेच्या पाटावर त्यांनी सगळी हत्यारं मांडली, इंजिन तेवढं बाजूला ठेवलं.

"अवो, चाललं ना? ठेवा की!" काकू म्हणाल्या.

"चाललं गो, पण सांध्यातून वाफ गळते. कच्च्या कामाला कुंकू नाय."

वर्षभरात तो सांधा त्यांनी चारदा नव्याने केला. यंदा वळणावर वाफ गळली नाही. इंजिन पाटावर आलं आणि काकांनी करंडा माझ्यापुढे धरला.

"पयलं कुंकू तुमी लावा. तुमी वाचलंत, तवा मी कातलं."

माझ्या पदवीच्या कागदाला आईने असंच कुंकू लावलं होतं.