बुजवलेल्या तलावाची खोल बाजू

आधी एक दुरुस्ती. समुद्रकिनाऱ्याच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की शेजारच्या मिस रूबींना पोहता येत नाही, म्हणून त्या वाळूतच बसून राहिल्या. हे चूक होतं. मी विचारलंच नव्हतं. त्यांनी फोनवर भाषांतर करून पोस्ट वाचली आणि थेट माझं दार ठोठावलं.

"मला पोहता येत नाही हे तुला कोणी सांगितलं? शनिवारी गाडी काढ. माझं पोहणं कुठे थांबलं ते दाखवते."

म्हणून व्हर्जिनिया. आमच्या पिस्कॅटवेहून पहाटेच निघा. उशीर केलात तर वॉशिंग्टनपाशी अडकलातच. टोलचा टॅग घ्या. टायरची हवा मी निघताना बघितली, पेट्रोल भरताना परत बघितली. "टायर पळून नाही जाणार," मिस रूबी म्हणाल्या आणि माझी थालीपिठं खात फ्रान्समधल्या लहानपणात शिरल्या.

दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झालेली. वडील अमेरिकन सैन्यात सार्जंट, लष्करी ट्रक दुरुस्त करायचे. छावणीबाहेरच्या गावात भाड्याचं घर, कोळशाची शेगडी, काखेत लांब पाव धरून सायकलवरून येणारी आई. आणि गावाचा पोहण्याचा तलाव. शिकवणारी बाई लांब काठी पुढे धरून काठावरून चालायची, दहा वर्षांची रूबी त्या काठीमागे हातपाय मारायची.

"माझ्या काळ्या रंगाचं तिथे कुणाला काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "निदान पाण्यात तरी."

मग वडिलांची बदली व्हर्जिनियात. पोहण्याचा पोशाख पिशवीत घालून रूबी तिथल्या तलावावर गेली. तिकीटवालीने सांगितलं, हा फक्त गोऱ्यांसाठी. पुढे कोर्टाने सगळ्यांना येऊ द्या म्हटलं, तेव्हा गावाने तलावच मातीने बुजवून टाकला.

आता तिथे बाग आहे. पार्किंग फुकट, स्वच्छतागृह बंद. गवतातून तलावाची निळी कड अजून डोकावते. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले.

"इथे तलाव होता? मला वाटायचं, पहिल्यापासून बागच आहे."

"होता की. मी बाहेर उभी होते. उडी मारायची फळी त्या तिथे. पाहिली नाही कधी, आवाज ऐकलाय."

आणि बूट काढून त्या खोल बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

शाळेत जायच्या आधी मी घरी शिकलेली पहिली गोष्ट पाण्याचीच. नागपूरला दर वीस मार्चला बाबा महाडचं चवदार तळं सांगायचे: ज्या पाण्याला शिवायची बंदी होती, ते आपल्या माणसांनी ओंजळीने प्यायलं. परतताना मी ती मिस रूबींना सांगितली.

"आणि तुला पोहता येतं?"

"नाही. भीती वाटते."

"वा! त्यांनी तळं मिळवून दिलं, आणि ही बसलीय काठावर! मी परत पोहणार आहे, तूही चल."

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. तलावाचा बेत ऐकून तो हादरला. "मॉम, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?"

"डॉक्टरला विचारलंय. तुला विचारत नाहीये, सांगतेय."

घरी येऊन चार दिवस झाले. त्यांच्या पायांची माती गाडीतल्या मॅटवर अजून आहे. एरवी मी लगेच झाडली असती. कम्युनिटी सेंटरचा तलाव सकाळी सातला उघडतो. मी पोशाख आणलाय. मिस रूबी खोल बाजूला उतरतील, मी उथळ बाजूला, काठाचा दांडा घट्ट धरून. दिवस मी निवडला आहे: शुक्रवार, वीस मार्च.